जमीन नावावर होणार नाही : जावाच्या खेड्यात राहायचं आणि पैसे लावायचे तर

पुण्याहून किंवा साताऱ्याहून फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "तिकडे गुंठा काय भावाने आहे?" बालीची रील पाहिलेली असते. भाताच्या पायऱ्या, नारळ, बांबूचं घर. माझं उत्तर आता पाठ झालंय. भाव सांगता येईल, पण गुंठा तुमच्या नावावर होणार नाही. आज नाही, दहा वर्षं राहिलात तरी नाही, इथल्या मुलीशी लग्न केलंत तरी नाही. एवढं ऐकून ज्यांचा उत्साह मावळतो त्यांनी इथेच थांबावं, दोघांचाही वेळ वाचेल. जे थांबत नाहीत त्यांच्यासाठी पुढचं लिहितोय.

मी इंडोनेशियाच्या जावा बेटावर, मध्य जावा प्रांतातल्या मागेलांग जिल्ह्यात, मेरापी ज्वालामुखीच्या पश्चिम उतारावर एका गावात राहतो. पश्चिम जावातल्या सूतगिरणीत नोकरीला आलो होतो. बायको जावानीज. नोकरी संपल्यावर तिच्या माहेरच्या गावी आलो. घरजावई म्हणा हवं तर, गावातले मनात तेच म्हणत असणार. त्यामुळे मी लिहितोय ते जावाच्या खेड्याबद्दल. बाली, लोम्बोक, सुमात्रा इथे चालीरीती वेगळ्या, पण जमिनीचा कायदा सगळ्या देशाला एकच आहे.

पायरी 1 : आधी व्हिसा, मग स्वप्न

भारतीय पासपोर्टवर विमानतळावर मिळणारा व्हिसा 5 लाख रुपियांचा असतो. आकडा ऐकून दचकू नका, एका भारतीय रुपयाला साधारण 180 ते 190 रुपिया पडतात. तो 30 दिवसांचा, एकदा आणखी 30 दिवसांनी वाढतो. गाव बघायला एवढा पुरे. मुदत उलटली तर दिवसाला 10 लाख रुपिया दंड आहे आणि 60 दिवसांच्या वर गेलात तर देशाबाहेर काढून प्रवेशबंदी.

राहायचं असेल तर 'कितास' लागतो, म्हणजे मर्यादित मुदतीचा वास्तव्य परवाना. खेड्यात राहू पाहणाऱ्या मराठी माणसाला त्याचे तीनच रस्ते खरोखर उपयोगाचे आहेत. एक, नवरा किंवा बायको इंडोनेशियन असणे. दोन, परदेशातल्या कंपनीसाठी घरून काम करणाऱ्यांचा एक वर्षाचा परवाना, त्याला वर्षाला 60,000 अमेरिकी डॉलरची कमाई दाखवावी लागते. तीन, स्वतःची परकीय गुंतवणूक कंपनी, 'पेते पेएमआ'. तिसऱ्याबद्दल दलाल फार गोड बोलतात, म्हणून आकडा लक्षात ठेवा: एका व्यवसायासाठी, एका ठिकाणी, जमीन आणि इमारत सोडून 10 अब्ज रुपियांच्या वर गुंतवणूक. म्हणजे आपले पाच कोटींहून जास्त. 2025 मध्ये आधी भरायच्या भांडवलाची अट 2.5 अब्जांवर आली, पण एकूण गुंतवणुकीची अट तशीच राहिली. छोटे धंदे कायद्यानेच स्थानिकांसाठी राखीव आहेत. कोपऱ्यावर कॉफीची टपरी टाकायला हा रस्ता नाही.

पर्यटक व्हिसावर "गावात मदत करतोय, पगार घेत नाही" हे उत्तर इमिग्रेशनला चालत नाही. बिनपगारी काम हेही कामच धरलं जातं. वैवाहिक कितास असेल तर मात्र 2011 च्या इमिग्रेशन कायद्याचं 61 वं कलम घर चालवण्यासाठी काम किंवा धंदा करायला परवानगी देतं. पुष्कळ जणांना हे माहीत नसतं, कधीकधी समोरच्या अधिकाऱ्यालाही नसतं. कलमाची प्रत फोनमध्ये ठेवा.

पायरी 2 : एक पावसाळा, एक उन्हाळा, भाड्याच्या घरात

इथला पाऊस आपल्या उलट. ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होतो, मार्च-एप्रिलपर्यंत कोसळतो, आणि आपल्याकडे आषाढ-श्रावण चालू असताना इथे कोरडा 'केमाराऊ' असतो. बहुतेक मराठी लोक दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुट्टीत येतात. दोन्ही वेळा गाव हिरवंगार असतं आणि झऱ्याला पाणी असतं. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये येऊन त्याच घराचा नळ उघडा. आमच्या गावात पाणी डोंगरातल्या झऱ्यावरून पाइपने येतं, आणि कोरड्या महिन्यांत कोणत्या गल्लीला कधी सोडायचं याची पाळी लागते. वरच्या गल्लीतलं घर आणि खालच्या गल्लीतलं घर यांच्या भाड्यात फरक का, हे मला ऑगस्टमध्ये कळलं.

म्हणून पहिलं वर्ष घर वर्षाच्या करारावर घ्यायचं. जावात याला 'ङोन्त्राक' म्हणतात, पैसे वर्षाचे एकदम आगाऊ. भाव करताना एक मोजमाप डोक्यात असू द्या: मध्य जावा प्रांताचं 2025 चं किमान मासिक वेतन 21,69,349 रुपिया होतं, म्हणजे साडेअकरा-बारा हजार भारतीय रुपये. गावात घरभाडं, मजुरी, भाजी सगळं याच मापाच्या आसपास फिरतं. कुणी बालीच्या चांगूमधल्या भावाने बोलायला लागला तर हसून चहा प्या आणि निघा.

रोजच्या गोष्टी पटकन सांगतो. विजेचं मीटर बहुधा आगाऊ भरण्याचं असतं. दुकानात पैसे देऊन वीस आकडी टोकन घ्यायचं आणि मीटरवर टाकायचं. शिल्लक संपत आली की मीटर रात्री दोनला पिपाणीसारखं वाजतं आणि अख्ख्या गल्लीला कळतं. जोडणी किती व्होल्ट-अँपिअरची हे आधी विचारा. 900 वर इस्त्री आणि पाण्याची मोटर एकत्र चालत नाही. भारतातून आणलेला फोन कस्टममध्ये नोंदवला नाही तर 90 दिवसांनी इथल्या सिमवर बंद पडतो. शाकाहारी असाल तर सोयाबीनचे तेम्पे आणि ताहू (टोफू), आणि शेंगदाण्याच्या चटणीतल्या भाज्या म्हणजे पचेल, यांवर मजेत निभतं, फक्त चटणीत सुकट वाटलेली 'तरासी' नको असं दरवेळी सांगावं लागतं. कोथिंबिरीची जुडी विसरा. धने टाका, कुंडीत वाढवा.

पायरी 3 : हजेरी

गावात शिरताना पाटी दिसते: पाहुण्यांनी 24 तासांत कळवणे सक्तीचे. ही शोभेची पाटी नव्हे. पासपोर्टची प्रत घेऊन 'पाक एरते'कडे जायचं. एरते म्हणजे तीस-चाळीस घरांचा शेजारगट, आणि त्याच्या प्रमुखालाही एरतेच म्हणतात, त्यावर एरवे, त्यावर वाडीचा प्रमुख, त्यावर 'केपाला देसा', म्हणजे आपला सरपंच. देसा हा आपलाच 'देश' आणि केपाला म्हणजे 'कपाळ'. संस्कृतातून आलेले शब्द इथे ठायीठायी भेटतात. किंमत म्हणजे 'हार्गा', मूळ अर्घ. नवरा 'सुआमी' आणि बायको 'इस्त्री'. आमच्या आईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, मग परदेश कुठे आहे हा?

रिकाम्या हाताने जाऊ नका, पाकीटही नेऊ नका. केळ्यांचा फणा किंवा बिस्किटाचा डबा. बसा, गोड चहा येईल, तो पुढे केल्याशिवाय उचलायचा नाही. कामाचं पहिल्या अर्ध्या तासात बोलायचं नाही. वयाने मोठ्याला पाक किंवा बू, समवयस्काला मास किंवा म्बाक. नुसतं नाव घेणं म्हणजे अरेतुरे.

त्यानंतर जे सुरू होतं त्यातच खरी गुंतवणूक आहे, आणि त्याची पावती मिळत नाही. आमच्या प्रत्येक घराच्या दारावर एक छोटा डबा ठोकलेला असतो. रात्री गस्तीवरची चार माणसं फिरतात आणि डब्यातलं नाणं, पूर्वी मूठभर तांदूळ, उचलतात. याला 'जिम्पितान' म्हणतात. आपल्याकडचा मुष्टिफंड जसा. 500 रुपियांचं नाणं, म्हणजे आपले तीन रुपयेसुद्धा नाहीत. त्यातून रस्त्याचे दिवे लागतात, मयताचं सामान येतं. पहिल्या आठवड्यात मला वाटलं रोज काय कटकट, म्हणून महिन्याचे एकदम नेऊन दिले. एरतेने घेतले, हसले. रात्री डबा रिकामा सापडला म्हणून गस्तवाले दारात थांबले आणि बायकोला विचारून गेले, सगळं ठीक आहे ना, पाक आजारी आहेत का? तेव्हा डोक्यात उजेड पडला. नाणं गौण आहे. डबा भरलेला असणं म्हणजे घरात माणूस जागेवर आहे. तेव्हापासून संध्याकाळी नाणं मीच टाकतो.

बाकीचं तुम्हाला परकं वाटणार नाही. 'आरिसान' म्हणजे भिशी. 'साम्बातान' म्हणजे इर्जिक, कुणाचं छप्पर चढवायचं असेल तर सगळे येतात, घरमालक जेवण देतो. रविवारी 'कर्जा बाक्ती', म्हणजे श्रमदान. लग्नात, बारशाला आहेराचं पाकीट, आणि लग्नांच्या हंगामात आठवड्याला तीन-तीन. हा खर्च महिन्याच्या हिशेबात वेगळा धरा, चैन म्हणून नव्हे, किराण्यासारखा. कुणी गेलं की मशिदीच्या भोंग्यावर नाव पुकारतात. हातातलं काम टाकून जायचं. मी मुसलमान नाही, मागे खुर्चीवर बसतो, प्रार्थनेला हात जोडून गप्प राहतो, आणि आजवर कुणी काही म्हणालेलं नाही.

पायरी 4 : जमिनीचे कागद

इथे सावकाश वाचा.

1960 चा मूळ भूमी कायदा सांगतो की पूर्ण मालकी, 'हाक मिलिक', फक्त इंडोनेशियन नागरिकाची. परदेशी माणसाला वारशाने मिळाली तर एका वर्षात सोडावी लागते. त्याच कायद्याचं 26 वं कलम म्हणतं की परदेशी माणसाकडे आडवळणाने मालकी नेण्यासाठी केलेला व्यवहार मुळातच रद्द, जमीन सरकारजमा, आणि दिलेले पैसे परत मागता येणार नाहीत. म्हणजे ड्रायव्हरच्या, मॅनेजरच्या, 'अगदी घरच्यासारख्या' माणसाच्या नावावर जमीन घ्यायची आणि त्याच्याकडून चार कागद लिहून घ्यायचे, हा जो सर्रास सांगितला जाणारा उपाय आहे तो उपाय नाहीच. तो माणूस प्रामाणिक असेलही. त्याची मुलं, त्याचं कर्ज, त्याचा घटस्फोट यांची हमी कोण देणार?

बायकोच्या नावावर? इथेही खड्डा आहे. मालमत्ता वेगळी ठेवण्याचा करार नसेल तर लग्नानंतरची मिळकत सामाईक, आणि सामाईक झाली की परदेशी नवऱ्याचा अर्धा वाटा, म्हणून बायकोलाही हाक मिलिक घेण्यात अडचण. 2016 पर्यंत हा करार लग्नाआधीच करावा लागे. त्या वर्षी घटनात्मक न्यायालयाने निकाल दिला की लग्नानंतरही करता येतो. आम्ही तो लग्नानंतर सहा वर्षांनी केला, नोटरीकडे, आणि विवाह नोंदणीत नोंदवला. त्याचा अर्थ स्वच्छ आहे: घर तिचं, माझं नाही. हे ज्यांना पचत नाही त्यांनी करार करू नये आणि जमीनही घेऊ नये.

मग परदेशी माणसाच्या हातात काय उरतं? 'हाक पाकाइ', वापराचा हक्क, 2021 च्या नियमाप्रमाणे 30 अधिक 20 अधिक 30 वर्षं. पण परदेशी माणसाच्या घरासाठी त्याला प्रांतवार किमान किमतीची अट आहे, बालीत ती 5 अब्ज रुपिया, आणि गावातल्या कौलारू घराचं त्यात काही जमत नाही. 'हाक गुना बांगुनान', म्हणजे बांधकामाचा हक्क, कंपनीसाठी. राहता राहिला साधा भाडेपट्टा, 'सेवा'. खेड्यात तुमचं काम यानेच होणार.

आता कागद. सर्वांत भक्कम म्हणजे भूमी कार्यालयाने, बीपीएनने, दिलेलं मालकीचं प्रमाणपत्र. त्याखाली गिरिक, पेतोक डी, लेटर सी असल्या जुन्या नोंदी. महाराष्ट्रातला माणूस गिरिक पाहून खूश होतो, कारण तो सातबाऱ्यासारखा दिसतो. साम्य खरंच आहे आणि धोकाही तोच: दोन्ही महसुलाच्या नोंदी, मालकीचा शेवटचा शब्द नव्हेत. 2 फेब्रुवारी 2021 ला लागू झालेल्या नियमाने जुन्या नोंदी नोंदवून घ्यायला पाच वर्षं दिली होती. ती मुदत संपल्यावर गिरिक हा हक्काचा पुरावा राहत नाही, नोंदणी करताना दिशा दाखवणारा कागद उरतो. विकणारा तरीही तो लॅमिनेट करून आणतो.

क्षेत्रफळाबद्दल एक सोय. बालीत भाव 'आरे'ला सांगतात, म्हणजे 100 चौरस मीटर, आपल्या सातबाऱ्यातला तोच आर, जवळजवळ एक गुंठा. जावात म्हातारे शेतकरी 'उबिन' म्हणतात, सुमारे 14 चौरस मीटर, आणि 500 उबिनांचा एक 'बाऊ', म्हणजे पाऊण हेक्टरला थोडा कमी. प्रमाणपत्रात मात्र चौरस मीटरच. बोलणं कशातही होऊ द्या, करारात चौरस मीटर लिहा.

कोणत्या जमिनीला हात लावू नये तेही सांगतो. गावाच्या मालकीची 'तानाह कास देसा' आणि गावकामगारांना पगाराऐवजी कसायला दिलेली 'बेङकोक'. ही आपल्या पाटील-कुलकर्णी वतनासारखी, खुर्ची गेली की जमीन गेली. शेजारच्या योग्यकार्तात गावाच्या जमिनीला सुलतानांची, म्हणजेच राज्यपालांची परवानगी लागते, तीशिवाय बंगले उठवल्याबद्दल 2023 मध्ये स्लेमान जिल्ह्यात फौजदारी खटले उभे राहिले. दुसरी, संरक्षित भातशेती. 2009 च्या कायद्याने राखीव झालेल्या शेतात घर बांधता येत नाही, शेत तुम्ही कितीही वर्षांच्या करारावर घ्या. जिल्ह्याच्या नियोजन कार्यालयात नकाशा पाहा, दलालाच्या मोबाइलवरचा नव्हे. तिसरी, जाकार्तात राहणाऱ्या मेहुण्याच्या नावावरची शेती. शेतजमिनीचा मालक त्याच तालुक्यातला असावा असा 1961 पासूनचा नियम आहे. तो पाळला जात नाही हे खरं, पण भांडण झालं की समोरच्या वकिलाला बरोबर आठवतो.

माझी फजिती इथेच झाली. गावाच्या खालच्या अंगाला ओढ्यालगत एक तुकडा होता, सालक या फळाची झाडं, मधून पायवाट. दहा वर्षांच्या पट्ट्याचं ठरलं. मध्यस्थ गावाबाहेरचा, गोडबोल्या. मालक म्हातारे, त्यांच्या पडवीत बसून इसार दिला, पावतीवर 10,000 रुपियांचा स्टॅम्प, चार सह्या, फोटो. तीन महिन्यांनी कळलं की जमीन म्हाताऱ्यांच्या वडिलांच्याच नावावर आहे आणि वारस पाच. चौघांनी सही केली होती. पाचवी बहीण लग्न होऊन दूर बोर्निओ बेटावरच्या काळीमान्तानला गेलेली, तिला कुणी विचारलंच नव्हतं. तिने नाही म्हटलं, आणि तिचं बरोबर होतं. मध्यस्थाचा फोन लागेना. म्हातारे मात्र दर पीक निघालं की थोडे थोडे पैसे आणून देत राहिले, कधी सोबत सालकची टोपली. पूर्ण परत यायला दीड वर्ष लागलं. कोर्टात गेलो असतो तर पैसेही नसते आले आणि गावही गेलं असतं.

त्यानंतर माझा क्रम ठरला, तोच तुम्हाला देतो. मूळ प्रमाणपत्र हातात घेऊन पाहायचं, मग बीपीएनमध्ये त्याची तपासणी करून घ्यायची, म्हणजे नाव, हद्द आणि बँकेचा बोजा कळतो. मालकाचं ओळखपत्र आणि कुटुंबपत्रक, 'केके', बघायचं. विवाहित असेल तर जोडीदाराची सही. वडिलोपार्जित असेल तर वारसदाखला आणि प्रत्येक वारसाची सही, दूरचा असेल तर त्याच्या शहरातल्या नोटरीसमोर. जमीनकराच्या मागच्या पाच वर्षांच्या पावत्या. शेजाऱ्यांना घेऊन हद्दीवरून चालायचं, आणि चालताना विचारायचं की पाणी कुठून येतं आणि वाट कुणाची आहे. मग नोटरी, आणि तो तुम्ही निवडायचा, मालकाने किंवा मध्यस्थाने सुचवलेला नको. करार इंडोनेशियन भाषेत असावा लागतो, भाषांतर सोबत जोडा. त्यात चार गोष्टी नसतील तर सही करू नका: मालक मेला किंवा जमीन विकली तरी पट्टा चालू राहील, मुदतवाढीचा भाव आजच ठरेल किंवा ठरवायची रीत तरी लिहिली जाईल, पोटभाड्याने देता येईल की नाही, आणि मुदत संपल्यावर बांधकामाचं काय.

नोटरीकडून निघून थेट पाक एरतेकडे जा आणि प्रत दाखवा. कायद्याने गरज नाही. पण बांधावर वाद झाला की पहिला निवाडा तिथेच होतो.

पायरी 5 : पैसे कशात

जे मालकीशिवायही टिकतं त्यातच लावा, हा माझा एकमेव नियम.

पट्ट्याच्या घरावर खर्च करताना एकूण रक्कम भागिले उरलेली वर्षं करा. जो आकडा येईल तो तुमचं खरं वार्षिक भाडं. संडास, छप्पर, पाण्याची टाकी यांत भरून निघतो. पोहण्याच्या तलावात नाही. गवंडी रोजावर लावा, उक्त्यावर नको, आणि दुपारच्या चहाबरोबर काहीतरी खायला ठेवा. ते न ठेवणाऱ्याचं काम आमच्याकडे हळूहळू होतं असा अनुभव आहे.

शेती स्वतः करू नका, निदान पहिली तीन वर्षं. 'मारो' म्हणजे अर्धलीने, 'मर्तेलू' म्हणजे तिसऱ्या हिश्श्याने. बियाणं-खत कोण घालणार यावर वाटा ठरतो आणि तो गावागणिक बदलतो, तेव्हा आपल्या गावचा रिवाज विचारा. 'तेबासान' म्हणजे उभं पीक व्यापाऱ्याला मक्त्याने देणं, जसा आपल्याकडे आंबा झाडावर देतात. भाव कमी मिळतो, पण काढणीची आणि नासाडीची काळजी त्याची. नवख्याला हे बरं. पीक हिरवं असतानाच अडलेल्या माणसाकडून कवडीमोलाने घेणं म्हणजे 'इजोन'. कुणी तुम्हाला तशी 'संधी' दाखवेल. घेऊ नका, गावात तुमचं नाव कायमचं सावकार पडेल.

मला सर्वांत भावलेला प्रकार 'गादुहान'. जनावर तुमचं, सांभाळणारा शेजारी, वाटा निम्मानिम. समजा 1 कोटी 50 लाख रुपियांचं खोंड घेतलं, म्हणजे आपले ऐंशी-पंच्याऐंशी हजार रुपये. शेजाऱ्याने दहा महिने चारा घातला आणि बकरी ईदच्या आधी ते 2 कोटी 10 लाखांना गेलं. मूळ रक्कम तुमची, वरचे 60 लाख दोघांत. मेलं तर? हे घेतानाच बोलायचं. आमच्याकडे रोगाने मेलं तर नुकसान मालकाचं, हयगयीने मेलं तर बसून ठरवायचं. खरेदी ईदच्या चार-पाच महिने आधी केली तर भाव अजून चढलेले नसतात. ईद चांद्र पंचांगाने दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येते, हिशेब त्याप्रमाणे. शिवाय जनावरांचा बाजार पाच दिवसांच्या जावानीज आठवड्यावर भरतो: लेगी, पाहिङ, पोन, वागे, क्लिवोन. आमचा पाहिङला. मी भिंतीवर कालनिर्णयशेजारी जावानीज कॅलेंडर लावलंय.

घरगुती खाद्यपदार्थ, सालकचे वेफर्स, कॉफी, हे बायकोच्या नावाने करतो. व्यवसाय क्रमांक सरकारी संकेतस्थळावर फुकट मिळतो, घरगुती उत्पादनाचा परवाना जिल्ह्यातून. हलाल प्रमाणपत्राची छोट्या खाद्य उद्योगांना दिलेली मुदत 17 ऑक्टोबर 2026 आहे, ते आधीच करून घ्या. घरात पाहुणे ठेवायचे असतील तर तोही धंदा स्थानिक नागरिकाच्या नावानेच.

कशात लावू नये याची यादी मोठी आहे, मी एकच सांगतो. 'प्लॉट घ्या, आम्ही जाबोन किंवा गाहारूची झाडं लावतो, सात वर्षांनी पैसे घ्या.' ज्यांच्या घरात नव्वदच्या दशकातल्या सागवान योजनेचं किंवा नंतरच्या एमूच्या पिल्लांचं प्रमाणपत्र अजून कपाटात आहे, त्यांना जास्त सांगायला नको.

आणि उसने. पहिल्या वर्षात मागणारे येतील. मी एक रक्कम ठरवली आहे, तेवढी देतो आणि परत येणार नाही असं धरून देतो. त्यावर मागितलं की बायको बघते. तिला नाही म्हणायची जावानीज रीत येते, जिच्यात 'नाही' हा शब्दच नसतो.

पायरी 6 : भारताकडचा हिशेब

भारतात निवासी असाल तर उदारीकृत प्रेषण योजनेखाली आर्थिक वर्षाला 2,50,000 डॉलरपर्यंत पाठवता येतात. अशा कामासाठी वर्षात 10 लाख रुपयांच्या वर गेलेल्या रकमेवर बँक 20 टक्के कर आधी कापते, तो विवरणपत्रात वळता होतो, पण वर्षभर अडकतो. इथलं बँक खातं, पट्टा, धंद्यातला वाटा विवरणपत्राच्या परकीय मालमत्तेच्या तक्त्यात दाखवावा लागतो. लहान आहे म्हणून सोडू नका, 2015 च्या काळ्या पैशाच्या कायद्याखाली दंड 10 लाखांचा आहे. ऑक्टोबर 2024 पासून स्थावर सोडून एकूण 20 लाखांपर्यंतच्या मालमत्तेला तो लागत नाही, पण दाखवणं सुटत नाही. इंडोनेशियात बारा महिन्यांत 183 दिवसांच्या वर राहिलात तर इथले करदाते होता, मग इथला कर क्रमांक काढा. दोन्ही देश समजणारा सनदी लेखापाल एकदाच गाठा, फी वसूल होते.

पायरी 7 : डोंगर

मेरापीच्या उतारावर घर घेताना धोक्याच्या पट्ट्यांचा नकाशा पाहायचा, तिसरा पट्टा शिखराजवळचा आणि सर्वांत वाईट. फक्त शिखरापासूनचं अंतर पाहून भागत नाही. पावसाळ्यात राख-दगडांचा चिखल नदीच्या पात्रातून खूप खालपर्यंत उतरतो, म्हणून ओढ्याकाठचा सुंदर तुकडा स्वस्त असतो. माझा तो सालकवाला तुकडा ओढ्याकाठचाच होता. काळीमान्तानच्या त्या बहिणीचे मनातल्या मनात मी पुष्कळदा आभार मानले आहेत.

2010 च्या उद्रेकात साडेतीनशेच्या वर माणसं गेली. त्या वेळी छावणीत आलेले लोक गाईंना चारा घालायला पुन्हा वर जात होते. आता आमच्या जिल्ह्यात वरच्या प्रत्येक गावाची खालच्या एका गावाशी जोडी लावून दिली आहे: इशारा आला की कुणी कुणाकडे जायचं हे आधीच ठरलेलं. दाराशी एक पिशवी असते, पासपोर्ट, कितास, पट्ट्याची मूळ प्रत, मास्क, विजेरी. मागच्या बैठकीत एरतेने यादी वाचली तेव्हा आमच्या गल्लीच्या ट्रकमध्ये माझ्या वाट्याचं खोंड सातवं होतं. मी कुठे बसायचं, असं मी विचारलं. खोंडाशेजारी, ते म्हणाले, दोरी कुणीतरी धरायला हवी ना.